‘खातो खूप, पण अंगी लागत नाही’

इंदूरच्या रामबागेतला एकवीस वर्षांचा मुलगा आईबरोबर माझ्याकडे सल्ल्याला आला होता (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). उंची १७३ सेंमी, वजन ५२ किलो, दोन वर्षांपासून काटा हललेला नाही. आई म्हणाली, “हा खातो हो भरपूर, पण अंगी लागत नाही. जिमलाही जातो.” मुलगा खाली मान घालून बसला होता. उन्हाळ्यातही शर्टाच्या आत दोन बनियन.

वजन आपोआप घटत असतं, सतत जुलाब, ताप किंवा खोकला असता, तर आधी डॉक्टरांकडेच पाठवलं असतं. तसं काही नव्हतं. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन तपासून घेतलं, ठीक आलं. मग सात दिवस तोंडात जाणारा प्रत्येक घास लिहायला सांगितला.

वहीत खरं कारण सापडलं. आईला आठवत होती ती रविवारची सराफ्यातली (इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार) रात्र: गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचा कीस, वर जलेबी. बाकी सहा दिवस सकाळी प्लेटभर पोहे-शेव, मग भंवरकुआं भागातला क्लास आणि थेट चार वाजता जेवण. मध्ये पाच चहा. चहाने भूक मरत होती. दिवसाचा हिशेब जेमतेम १९०० कॅलरी, प्रथिनं ४५ ग्रॅमच्या आसपास. स्नायू वाढवायचे तर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम, म्हणजे त्याला ८०-८५ ग्रॅम हवीत.

त्याने महागडा मास गेनरचा, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीचा, डबा आणला होता. अशा बहुतेक डब्यांत मोठा भाग माल्टोडेक्स्ट्रिनचा, म्हणजे पिष्टाचा असतो. हे काम घरात होतं. ३०० मिली म्हशीचं दूध, दोन केळी, ४० ग्रॅम सत्तू (भाजलेल्या चण्यांचं पीठ), ३० ग्रॅम भाजलेले दाणे मिक्सरमधून काढले की जवळपास ८०० कॅलरी, २७ ग्रॅम प्रथिनं. त्याने उत्साहात पहिल्याच दिवशी पूर्ण पेला घेतला. पोट फुगलं, दिवसभर जेवला नाही. म्हणून आधी अर्धा पेला, जेवणानंतर दोन तासांनी. जोडीला रोज ४० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांची भाजी (वीस ग्रॅम प्रथिनं यातच!), वाटीभर दही, आणि चहा दोनच. दुपारचा डबा क्लासमध्ये, एक वाजता.

जिममध्ये तो सहा दिवस फक्त दंड आणि छाती करायचा. तीन दिवस पुरेत, मधे एकेक दिवस विश्रांती: स्क्वॉट (वजन घेऊन बैठका), बेंच प्रेस (बाकावर आडवं पडून वजन वर ढकलणं), रोइंग (वाकून वजन पोटाकडे ओढणं), रोमानियन डेडलिफ्ट (पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकत वजन उचलणं), शोल्डर प्रेस (खांद्यावरून वजन डोक्यावर नेणं). प्रत्येकी तीन सेट, सेटमागे ८ ते १२ रेप्स (वजन उचलण्याच्या खेपा), दोन सेटच्या मधे दोन मिनिटं थांबायचं. तिन्ही सेटला बारा जमले की अडीच किलो वाढवायचे. उचललेलं वजन वहीत लिहायचंच. नाही तर महिनोन्महिने तेच डंबेल उचललं जातं, आणि शरीराला वाढायचं कारणच उरत नाही.

आईला एकच विनंती केली: ताई, पाहुण्यांसमोर “काडी पहिलवान” म्हणणं बंद. त्या शब्दाच्या धास्तीने तो पंगतीत अर्धपोटी उठत होता, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. त्या रडल्या.

काटा आठवड्यातून तीनदा, सकाळी उपाशीपोटी, सरासरी धरायची. पहिल्या पंधरवड्यात दीड किलो वाढलं, त्यात पाणी आणि पोटातलं अन्नही होतं. पुढे महिन्याला किलोभर. चौथ्या महिन्यात ५६ वर तीन आठवडे अडलं. वाढलेल्या शरीराला जास्त लागतं, म्हणून तेव्हा पेला पूर्ण केला. आता तो पचत होता.