देवदार घ्यायचा, पण कुठला?

प्रश्न : हिमाचलात सराहनचं भीमाकाली मंदिर पाहिलं. दगडाचा एक थर, देवदारच्या तुळयांचा एक थर, अशा भिंती. इतक्या बर्फपावसात ते लाकूड कुजत कसं नाही? आणि तिथे आता मिळणारा नवा देवदारही तसाच टिकेल का?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण फसगत तिथेच होते. देवदार म्हटला की टिकाऊ, हे अर्धंच खरं. माझं आयुष्य लाकडाच्या वखारीत गेलं, त्यामुळे फळी हातात आली की मी नाव विचारत नाही, रंग बघतो. देवदारचा आतला गाभा पिवळसर तपकिरी असतो, सालीलगतचं लाकूड पांढरट. वाळवीला आणि बुरशीला दूर ठेवणारं सुगंधी तेल गाभ्यात असतं. पांढऱ्या भागाला ते कवच नाही. ओलीत ठेवलात तर तो इतर कुठल्याही मऊ लाकडासारखा सडतो. कोवळ्या झाडात गाभा कमीच, म्हणून नव्या फळीत पांढरं जास्त. भाव मात्र दोन्हींचा एकाच नावाने सांगतात!

जुन्या बांधकामात मोठ्या, वयस्क झाडांच्या तुळया आहेत. शिवाय त्या पद्धतीचं, म्हणजे काठकुणीचं, शहाणपण वेगळंच. खाली दगडी जोतं, वर पाटीच्या दगडाचं, भिंतीपुढे चांगलं आलेलं छप्पर. लाकूड भिजतं कमी आणि वाळतं लवकर. दगड बहुधा कोरडेच रचलेले असल्याने भूकंपात भिंत थोडी हलते, पण विस्कटत नाही. लाकूड-दगडाचंच मनालीचं हिडिंबा मंदिर 1553 सालचं आहे आणि अजून उभं आहे, पण सगळं श्रेय एकट्या झाडाला देऊ नये.

गाभ्याचा हा गुण रेल्वेनेही हेरला. एकोणिसाव्या शतकात फ्रेडरिक विल्सन नावाच्या इंग्रजाने गढवालमधल्या हर्सिलकडचे देवदार तोडून ओंडके भागीरथीत सोडले आणि रुळांखालच्या लाकडी स्लीपरसाठी मैदानात उतरवले. थोराड झाडं आज विरळ आहेत, त्यामागे ही रुळांची भूकही आहे.

एक दोष सांगतो, जो विकणारा सांगणार नाही. तेच तेल पुढेही पाझरत राहतं. त्यावर रंग नीट बसत नाही, पॉलिशवर चिकट डाग येतात. लोकरीच्या कपड्यांच्या पेटीला उत्तम. हिमाचलात धान्य साठवायच्या खोल्यांनाही तेच वापरतात. आणि आग! श्रीनगरच्या जामा मशिदीत देवदारचे पावणेचारशेच्या आसपास खांब आहेत. ती मशीद तीनदा आगीत सापडली.

घ्यायचाच असेल तर फळीची कापलेली कड बघा, पृष्ठभाग नको. पांढरी पट्टी रुंद असेल तर चौकटीला, जमिनीलगतच्या कामाला घेऊ नका. आतल्या कप्प्यांना चालेल. रंधा मारून एक ताजी ढलपी हुंगा. शेजारी कैलची, म्हणजे हिमालयातल्या निळ्या पाइनची, ढलपी ठेवलीत तर फरक नाकालाच कळतो.