नोटिशीने मुदत थांबत नाही

भांडुपच्या एका वाचकाचे पत्र आहे. 12 जुलै 2023 रोजी गावच्या बागेत पॅराक्वाट हे तणनाशक फवारताना पाठीवरचा पंप गळला, सदरा भिजला, आणि ते तसेच दुपारपर्यंत फवारत राहिले. चार-पाच दिवसांत लघवी कमी झाली, रक्तातले क्रिएटिनिन (किडनी बिघडल्याची खूण) चढले, डायलिसिस करावे लागले. किडनी अजून पूर्ण सावरलेली नाही, जिना चढताना दम लागतो. कंपनीला वकिलामार्फत नोटीस पाठवली, तिच्या उत्तराची वाट पाहण्यात सव्वा वर्ष गेले. आता विचारतात, भरपाई मिळेल का?

अहो, वाट कसली पाहिलीत? ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69: तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार. नोटीस, स्मरणपत्रे, फोन, कशानेही ही मुदत वाढत नाही. गप्प बसण्यात कंपनीचा फायदाच होता. अशी पत्रे वारंवार येतात आणि दर वेळी जीव तुटतो. 12 जुलै 2025 ला शनिवार आहे, म्हणून 11 हीच शेवटची तारीख धरा. किडनीचे कारण डॉक्टरांनी नंतर सांगितले, तेव्हापासून मुदत मोजा, असा युक्तिवाद करता येईल. पण त्या भरवशावर राहू नका. सबळ कारण असेल तर आयोग विलंब माफ करतो, मात्र ‘उत्तर आले नाही’ हे सबळ कारण ठरणे कठीण.

तीस लाख मागितले तर फी किती, ही धास्ती सोडा. आयोग आणि फी ठरते ती वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर, मागितलेल्या भरपाईवर नव्हे. बाटली काही शे रुपयांची, म्हणजे जिल्हा आयोग आणि फी शून्य. तुम्ही राहता तिथेच दाखल करता येते, गावी खेटे नकोत. ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवरूनही चालते.

निकालाची हमी मी देणार नाही. हातमोजे नव्हते, गळका पंप वापरला, असे कंपनी म्हणणारच. तुमचा मुद्दा इशाऱ्याचा: बाटलीसोबत मराठी माहितीपत्रक होते का, अंगावर सांडल्यास काय करावे हे त्यात वाचता येईल असे छापले होते का? बाटली तुम्ही भंगारात दिलीत, हे फार वाईट झाले. तेव्हा दुकानदाराकडून बिलाची प्रत आणि बॅच नंबर मिळवा. रुग्णालयातून दाखल झाल्या दिवसाचा केसपेपर काढा, ‘तणनाशक अंगावर सांडले’ ही नोंद त्यातच असेल.

पण या कागदांसाठी तक्रार अडवू नका. आधी दाखल करा, उरलेले नंतर अर्ज देऊन जोडता येतात.