छोट्या कारखान्याने जॉब, बॅच की सलग उत्पादन यांपैकी काय निवडावे?

मागणी किती आणि मालाचे प्रकार किती, यावरच याचे उत्तर ठरते. ग्राहकाला एकच जिग (काम करताना भाग पकडून ठेवणारे साधन) किंवा डाय (धातूला आकार देणारा साचा) बनवून हवी असेल, तर जॉब पद्धतीला, म्हणजे मागणीनुसार एकेक वस्तू वेगळी बनवण्याला, पर्याय नाही. सलग उत्पादनाची, म्हणजे एकच माल न थांबता काढत राहण्याची, ताकद फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात 1913 मध्ये दिसली: सरकत्या जुळणी-रेषेमुळे मॉडेल टीच्या चॅसिसची जुळणी सुमारे साडेबारा तासांवरून दीड तासाच्या आसपास आली, मात्र एकाच मालाला स्थिर मागणी नसेल, तर ही व्यवस्था परवडत नाही.

सुटे भाग बनवणारे आपल्याकडील बरेच लघुउद्योग बॅच पद्धतीने, म्हणजे एका प्रकारचे ठरावीक नग काढून मग दुसऱ्या प्रकाराकडे वळत, चालतात आणि खरी मेख तिथेच आहे. प्रेसवरील (धातू दाबून आकार देणाऱ्या यंत्रावरील) डाय बदलण्यात अर्धी पाळी जात असेल, तर तो वेळ वसूल करण्यासाठी गरजेपेक्षा मोठी बॅच काढली जाते आणि भांडवल पडून राहिलेल्या मालात अडकते. टोयोटाने जपानी औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो यांच्या मदतीने 1000 टनी प्रेसवरील हा बदल चार तासांवरून तीन मिनिटांवर आणला. पुढच्या डायची शक्य तेवढी तयारी मशीन चालू असतानाच उरकणे, हे त्यामागचे मुख्य सूत्र होते. म्हणून पद्धत बदलण्याआधी सेटिंगला, म्हणजे डाय बदलून मशीन पुन्हा सज्ज करायला, लागणारा वेळ घड्याळ लावून मोजावा, असे मी आग्रहाने सुचवेन.