काटा आपोआप चढतोय? आधी केग वेगळा कर

भाऊ, बीअरच्या केगला (दाबाखाली बीअर ठेवायच्या पिंपाला) सिलिंडरमधला सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, रेग्युलेटरमधून देतात; तो दाब कमी करून ठरावीक ठेवतो. त्याचा रात्री १२ पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं माप) लावलेला काटा सकाळी २५ वर गेला, तर लगेच रेग्युलेटरला शिव्या घालू नकोस. केगकडची नळी काढ, रेग्युलेटरचा बाहेरचा कॉक बंद कर, १० वर सेट कर आणि तासभर हात लावू नकोस. काटा जागेवर राहिला तर रेग्युलेटर ठीक आहे. मग बीअर अजून आंबतेय किंवा केग गरम होतोय आणि तिकडून उलटा दाब येतोय. काटा हळूहळू चढत राहिला तर रेग्युलेटरच्या सीटवर (गॅस अडवणाऱ्या आतल्या बैठकीवर) कचरा बसलाय किंवा सीट झिजली आहे. रेग्युलेटरच्या झाकणाच्या भोकाशी साबणाच्या पाण्याचे बुडबुडे आले, तर डायफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटलाय.

खोलण्याआधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद कर, सगळा गॅस सोड, दोन्ही काटे (सिलिंडरच्या दाबाचा आणि केगकडच्या दाबाचा) शून्यावर येऊ दे. सिलिंडरच्या जोडावर टेफ्लॉन टेप नको, तिथं वॉशरच सील करतो.

आणि आपला नागपूरचा उन्हाळा! ३१ अंशांच्या वर सिलिंडरमधला सीओटू द्रव राहतच नाही, दाब झपाट्यानं वाढतो. मे महिन्यात पंचेचाळीसला टेकणाऱ्या गॅलरीत सिलिंडर ठेवणं म्हणजे वेडेपणा. घरात सावलीत, उभा, साखळीनं बांधून ठेव. पण बंद खोलीत नको, गळती झाली तर जीव गुदमरतो.

इतवारीच्या बाजारात वेल्डिंगचा स्वस्त रेग्युलेटर मिळेल, पण त्यावर बहुधा लिटर प्रति मिनिट, म्हणजे गॅसच्या प्रवाहाचं माप असतं, दाबाचं पीएसआय नाही. तो घेऊ नकोस. सीटचं किट मिळत असेल तर बदल, नाहीतर सरळ नवा घे.