चॉपर बनवतोयस? आधी ट्रेल मोज

मित्रा, जुनी मोटरसायकल कापून लांब फोर्कची चॉपर बनवायची असली, तरी ग्राइंडर अजून बाजूलाच ठेव. फ्रेम कापायच्या आधी गाडी आहे तशी सुरू करून बघ. इंजिन जाम असेल तर किक मारत बसू नकोस. प्लग काढ, सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल घाल आणि काही दिवस मुरू दे.

आता मुख्य गोष्ट. लांब फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे लांब दांडे, सगळ्यांनाच आवडतो, पण गाडी सरळ चालते ती ट्रेलमुळे. गाडी उभी धरून तिच्यावर कुणाला तरी बसव. पुढच्या आसापासून ओळंबा सोडून जमिनीवर खूण कर. मग स्टिअरिंग नेकच्या, म्हणजे फ्रेममधल्या ज्या नळीत हँडल फिरतं तिच्या, रेषेत दोरी ताणून ती जमिनीला टेकते तिथे दुसरी खूण कर. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. साधारण १०० ते १५० मिलिमीटर असावा. फार कमी झाला तर वेगात हँडल थडथडतं, जास्त झाला तर हळू चालवताना जड होऊन एका बाजूला कोसळतं. कोन दिलेले ट्रिपल ट्री, म्हणजे फोर्क नेकला जोडणारे क्लॅम्प, ट्रेल कमी करतात, हे बरेच जण विसरतात.

नेकचं वेल्डिंग मात्र कसलेल्या माणसाकडूनच करून घे. इथे मी अजिबात तडजोड करत नाही, तूही करू नकोस.

जुन्या ब्रिटिश इंजिनाला व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे पाने लागतात. मेट्रिक पाना लावलास तर नटाचे कोपरे झिजतील. वायरिंग नवीनच घाल. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते, तिला आगीजवळ नेऊ नकोस. आणि रंग सगळ्यात शेवटी, सगळं एकदा जोडून, चालवून, परत सुटं केल्यावर.