'नकळत दान' म्हणजे काय?

प्रश्न: ज्यांच्या गाठीतल्या पेशी जगभर संशोधनात वापरल्या गेल्या, त्या अमेरिकेतल्या हेन्रिएटा लॅक्स यांना जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेला सन्मान 'मरणोत्तर' की 'मरणोपरांत'? त्यांना 'पेशीदात्या' म्हणावे का?

मरणोत्तर. 'मरणोपरांत' हा हिंदी बातम्यांतून आलेला शब्द, आपल्याला त्याची गरज नाही.

खरी चीड येते ती 'लॅक्स यांनी नकळत पेशी दान केल्या' या वाक्याची. दान नकळत होतच नाही. आधी संकल्प, मग हातावरून उदक, तेव्हा वस्तूवरचा हक्क सुटतो. 'पाणी सोडणे' हा वाक्प्रचार तिथूनच आला. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून नमुना घेतला गेला, तेव्हा संशोधनासाठी त्यांना कुणी विचारलेच नव्हते. मग पाणी सोडले कुणी?

'डोनर'ला प्रतिशब्द म्हणून 'दाता' चालतो, असे काही परिभाषाकार सांगतात. चालत नाही. 'दातृ' म्हणजे 'दा' धातूला कर्त्याचा 'तृच्' प्रत्यय, आणि कर्ता कोण हे पाणिनीने स्वच्छ सांगितले आहे: 'स्वतंत्रः कर्ता'. जिला विचारले नाही, ती या क्रियेत स्वतंत्र कशी?

मग तिचे कारक, म्हणजे क्रियेशी असलेले नाते, कोणते? अपादान! शब्द फोडून पाहा: अप + आ + दा. धातू तोच, 'देणे'. पण 'आ' लागला की अर्थ उलटतो आणि 'आदान' म्हणजे घेणे होते. 'अप' लागला की दूर काढून घेणे. दान आणि अपादान यांत दोन उपसर्गांचेच अंतर, पण देणारी आणि जिच्यापासून घेतले ती, यांतला सगळा फरक त्यात आहे. पाणिनीची व्याख्या तर अंगावर काटा आणते: 'ध्रुवमपायेऽपादानम्'. वियोग होताना जे स्थिर राहते ते अपादान. झाडावरून पान पडते, झाड तिथेच. लॅक्स यांच्या त्या नमुन्यातून वाढवलेल्या 'हेला' पेशी सुमारे दिवसाला दुप्पट होत जगभरच्या प्रयोगशाळांत गेल्या, पोलिओ लशीच्या चाचण्यांत वापरल्या गेल्या. लॅक्स ४ ऑक्टोबर १९५१ ला, एकतिसाव्या वर्षी वारल्या. व्हर्जिनियातल्या क्लोव्हरमधल्या त्यांच्या कबरीवर २०१० पर्यंत नावाचा दगडही नव्हता.

'देहदाता' मात्र निर्दोष आहे, कारण तिथे माणूस जिवंतपणी स्वतः लिहून देतो.

तेव्हा अपादानाची विभक्ती, पंचमीच वापरा: 'ज्यांच्या शरीरातून, न विचारता, पेशी घेतल्या गेल्या त्या हेन्रिएटा लॅक्स'. 'योगदान'ही नको, त्यातही तेच दान आहे. वाक्य लांबते. लांबू द्या.