शाळेच्या ग्रंथालयात शिकाऊ म्हणून प्रत्यक्ष काम कसं शिकावं?

तुम्ही लिहिलंय, बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) चालू आहे, डिचोलीजवळच्या शाळेत शिकाऊ म्हणून पाठवलंय आणि महिना झाला तरी लेबलं चिकटवण्यापलीकडे काही हाती लागलं नाही. मीही अशीच अडकले होते, बार्देशातल्या एका शाळेत.

ग्रंथपाल मॅडमकडे जाऊन 'काहीतरी शिकवा' म्हणू नका. त्यांना सवड नसते, निम्मा वेळ त्या रजेवरच्या शिक्षकांचे तास घेत असतात. सरळ पुस्तकांची पडताळणी मागून घ्या. हे काम कुणालाच नको असतं, म्हणून लगेच मिळतं. दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंदवतात ती वही, उघडायची आणि एकेक क्रमांक कपाटातल्या पुस्तकाशी ताडून बघायचा. कुठलं पुस्तक बिलाने आलं, कुठलं देणगीत, बाद झालेल्याचा क्रमांक दुसऱ्याला का देत नाहीत, हे सगळं मला वर्गात नाही, त्या नोंदवहीत कळलं. आमच्याकडे चाळीसेक पुस्तकं सापडेनात. चोरी झाली म्हणून मी घाबरले. निघाली मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये, पाहुण्यांना दाखवायला ठेवलेली!

फजिती झाली ती वर्गीकरणात. ड्यूईचं कोष्टक, म्हणजे विषयावरून पुस्तकांना क्रमांक द्यायची पद्धत, नुकतंच पाठ झालेलं, त्या जोरावर मी मुलांची कपाटं एका आठवड्यात 'शास्त्रशुद्ध' लावली. मग पाचवीतला एक मुलगा आला, "टीचर, भुताचें पुस्तक खंय आसा?" आता भुताची लोककथा ३९८.२ला, मराठी भूतकथा ८९१.४६३ला आणि भुतांची माहिती १३३.१ला. तीन कपाटं फिरून तो रिकाम्या हाताने गेला. मॅडम काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळी भुतं एका फळीवर, मुलांच्या हाताला येतील अशी. पाठीवरचे क्रमांक तेच, जागा तेवढी बदललेली. म्हणून मधल्या सुट्टीत देवघेवीच्या टेबलावर बसाच. मुलं लेखकाचं नाव सांगत नाहीत, 'निळ्या कव्हराचं' म्हणतात.

आपल्याकडचा पाऊस हा अभ्यासक्रमात नसलेला पेपर. चतुर्थीच्या सुट्टीनंतर बंद कपाट उघडलं की वास सांगतो. बुरशी धरलेली पुस्तकं आधी बाजूला काढा, हवेशीर जागी सुकू द्या, मग बाहेर नेऊन, नाकाला मास्क लावून, कोरड्या मऊ ब्रशने झाडा. कडक उन्हात टाकू नका, कागद पिवळा पडतो. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढून घेतली तरी पुष्कळ फरक पडतो.

संगणकाचं म्हणाल तर कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर मोफत आहे. घरी टाकून स्वतःचीच पन्नास पुस्तकं नोंदवा, शाळेत कुणी पासवर्ड देईपर्यंत थांबू नका. पणजीला गेलात तर पाटोवरच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांच्या विभागात तासभर नुसत्या बसा. संस्था १८३२ची, पण तिथे बघायचं ते मुलं कुठल्या फळीकडे आधी धावतात ते.

आणि रोजच्या कामाची तारखेनिशी वही ठेवा, दर आठवड्याला मॅडमची सही घ्या. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मागायला गेलात तर सही करणारे नेमके रजेवर असतात. मला त्यासाठी दोनदा म्हापशाहून परत यावं लागलं होतं.